ट्विंकी: बंद पडलेला केक परत आला तेव्हा

ट्विंकी हा क्रीम भरलेला छोटा केक अमेरिकेत १९३० साली जेम्स डेवर यांनी तयार केला. आत केळ्याचे क्रीम असे. दुसऱ्या महायुद्धात केळी मिळेनाशी झाली आणि व्हॅनिला आले. नोव्हेंबर २०१२ मध्ये, कामगारांच्या संपानंतर, कर्जबाजारी होस्टेस कंपनी बंद पडली. सुमारे १८,५०० जणांचा रोजगार गेला. नव्या मालकांनी १५ जुलै २०१३ रोजी केक परत आणला. पूर्वी तो २६ दिवस टिके, परत आला तेव्हा ४५. ‘ट्विंकी कधीच खराब होत नाही’ ही दंतकथाच! आणि लक्षात ठेवा, पाकिटावरची तारीख पदार्थ टिकण्याबद्दल असते, तो पौष्टिक असण्याबद्दल नाही. त्यासाठी घटकांच्या यादीत साखर कितवी आहे ते पाहा.