लोखंडी नांगराची परीक्षा

गोठे झाडणारे यंत्रमानव निघाले आहेत, असें आमच्या नागपूरच्या प्रताप नगरांतील तरुण कौतुकानें सांगतात. मला तेव्हां लक्ष्मणराव किर्लोस्कर आठवतात. मुंबईंतील शिक्षकाची नोकरी सोडून ते बेळगांवीं सायकलींच्या दुकानांत आले. तेथें त्यांनीं कडबा कापण्याचें यंत्र व लोखंडी नांगर घडविला. परंतु लोखंडानें जमीन विषारी होते, या समजुतीमुळें नांगर खपेनात. गिऱ्हाईक मिळण्यास सुमारें दोन वर्षें गेलीं. पुढें औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनीं आश्रय दिला आणि १९१० सालीं ओसाड माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. म्हणून तरुणांस सांगणें इतकेंच : यंत्र कारखान्यांत घडतें, त्यावरील विश्वास मात्र शेतकऱ्याच्या बांधावरच मिळवावा लागतो.