अमेरिकेंतील सरकारबंदी व चाकरमान्यांची चूल

सरकार म्हणजे कधींही बंद न पडणारें दुकान, अशी सामान्य माणसाची समजूत असते. मंत्रिमंडळें येतात आणि जातात. परंतु टपाल वांटलें जातें, कचेरी उघडते आणि ठरलेल्या दिवशीं पगार होतो. याच भरंवशावर घरभाडें ठरतें, वाण्याचें खातें चालतें आणि मुलांच्या शाळेची फी भरली जाते. जगांतील अत्यंत संपन्न अशा अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मात्र हा भरंवसा १९८० सालापासून पुनःपुन्हा ढळला. अशा प्रसंगीं तेथील सरकारी नोकरांनीं व गोरगरिबांनीं अन्न आणि पैसा कोठून मिळविला, याचा इतिहास उद्बोधक आहे.

लक्ष्मीच्या घरीं उपवास घडावा हें विचित्र खरें. पण त्याचें मूळ दारिद्र्यांत नसून राज्यघटनेंत आहे. कायद्यानें मंजुरी मिळाल्याखेरीज खजिन्यांतून एक डॉलरही काढतां येत नाहीं, असें अमेरिकेची घटना सांगते. तत्त्व उत्तमच आहे. परंतु तेथें अध्यक्ष एका वाटेनें निवडून येतो व काँग्रेस नांवाचें विधिमंडळ दुसऱ्या वाटेनें. अंदाजपत्रकावर दोघांचें जुळलें नाहीं, तर कोणीच कोणास घरीं पाठवूं शकत नाहीं. इंग्लंडसारख्या संसदीय राज्यांत पैसा नाकारला गेला म्हणजे मंत्रिमंडळच कोसळतें. भारतीय संविधानाच्या ११६ व्या अनुच्छेदांत तर लेखानुदानाची सोय करून ठेविलेली आहे. त्यायोगें अंदाजपत्रक मंजूर होईपर्यंत खर्च चालूं राहतो. अमेरिकेंत १ ऑक्टोबरला आर्थिक वर्ष सुरू होतें, आणि त्या दिवसापर्यंत मंजुरी मिळाली नाहीं तर तिजोरीला कुलूप लागतें.

तरीही १९८० पूर्वीं अशा खंडांत कचेऱ्या बहुधा चालूच राहत; मंजुरी आज ना उद्या येईल, असें सर्वजण धरून चालत. त्या वर्षीं महान्यायवादी बेंजामिन सिव्हिलेटी यांनीं १८८४ च्या एका जुन्या कायद्यावर बोट ठेवून, मंजुरीवांचून काम चालविणें बेकायदेशीर आहे, असा अभिप्राय दिला. पुढच्या वर्षीं त्यांनींच जीवित व मालमत्ता यांच्या रक्षणाचीं कामें त्यांतून वगळलीं. या दोन अभिप्रायांनीं सरकारी नोकरांचे दोन वर्ग पडले. एकास बिनपगारी रजेवर घरीं बसविलें जाई, तर दुसऱ्यास पगारावांचून कामावर यावें लागे. १९९५ च्या नोव्हेंबरांत ५ दिवस आणि त्याच डिसेंबरपासून १९९६ च्या जानेवारीपर्यंत २१ दिवस, अध्यक्ष क्लिंटन व सभापति गिंग्रिच यांच्या झगड्यांत लाखों कुटुंबांनीं याचा अनुभव घेतला.

अडलेल्या माणसास अन्न देण्याच्या दोन वाटा त्या देशांत पूर्वींच पडलेल्या होत्या. पहिली वाट सरकारी. महामंदीच्या काळांत एकीकडे शेतमाल विकला जात नव्हता व दुसरीकडे शहरांत लोक उपाशी होते. तेव्हां १६ मे १९३९ रोजीं न्यूयॉर्क संस्थानांतील रॉचेस्टर गांवीं अन्नतिकिटांची योजना सुरू झाली. साहाय्यावर जगणाऱ्या माणसानें एक डॉलरचीं नारिंगी तिकिटें विकत घेतलीं, कीं त्यास अर्ध्या डॉलरचीं निळीं तिकिटें फुकट मिळत. निळ्या तिकिटांवर शिलकी शेतमाल घेतां येई. माल नेहमींच्याच दुकानांतून मिळे, त्यामुळें घेणाऱ्यास भिकेची रांग लावावी लागत नसे आणि वाण्याचाही धंदा चाले. युद्धकाळांत शिलकी माल व बेकारी दोन्ही आटलीं, आणि १९४३ सालीं ही योजना संपली. १९६४ सालीं अध्यक्ष जॉन्सन यांच्या कारकीर्दींत कायद्यानें ती स्थायी झाली. २००८ पासून तिला पूरक पोषण साहाय्य योजना असें नांव आहे.

दुसरी वाट लोकांच्या दानधर्माची. १९६७ सालीं ॲरिझोना संस्थानांतील फिनिक्स शहरीं जॉन व्हॅन हेंगेल या गृहस्थानें, दुकानदार टाकून देत असलेलें खाण्याजोगें अन्न गोळा करून सांठविण्यास आरंभ केला. ज्याच्यापाशीं अधिक असेल त्यानें ठेवावें व ज्यास उणें असेल त्यानें न्यावें, अशी ही अन्नपेढी. तेथें तिला फूड बँक म्हणतात. ही कल्पना देशभर पसरली. दिलेल्या अन्नामुळें कोर्टकचेरी होईल या भीतीनें व्यापारी कचरत, म्हणून १९९६ सालीं सद्हेतूनें अन्न देणाऱ्यास कायद्याचें संरक्षण मिळालें.

या दोन्ही वाटांची खरी कसोटी २२ डिसेंबर २०१८ रोजीं सुरू झालेल्या बंदीनें घेतली. ती ३५ दिवस टिकली. सुमारें आठ लाख नोकरांचा पगार थांबला. त्यांपैकीं निम्म्याहून अधिक लोक रोज कामावर जात होते. विमानतळावरील झडती घेणारे, तुरुंगाचे पहारेकरी, विमानांचे मार्गदर्शक आणि तटरक्षक दलाचे सैनिक हे सर्व त्यांत आले. ११ जानेवारीस अनेकांच्या हातीं शून्य डॉलरची पगारचिठ्ठी पडली. दहांपैकीं चार प्रौढांना ४०० डॉलरांचा अकल्पित खर्च रोख भागवितां येत नाहीं, असें तेथील मध्यवर्ती बँकेनें २०१८ च्या अहवालांत सांगितलेंच होतें. बाहेरून सुस्थितींत दिसणारें घरही एका पगाराच्या आधारावर उभें असतें, हें आतां सर्वांच्या ध्यानीं आलें.

मग गणवेशांतील माणसें अन्नपेढीच्या रांगेंत दिसूं लागलीं. २०१० च्या हैती भूकंपानंतर अन्नदानाची संस्था काढणारे प्रसिद्ध पाकशास्त्री होसे आंद्रेस यांनीं राजधानींत, अध्यक्षांच्या निवासस्थानापासून फार दूर नसलेल्या पेन्सिल्व्हेनिया मार्गावर, १६ जानेवारीस सरकारी नोकरांसाठीं अन्नछत्र उघडलें. नोकरीचें ओळखपत्र दाखवावें आणि गरम जेवण घ्यावें, एवढाच नियम होता. ज्या ओळखपत्रानें एरव्हीं मोठमोठ्या कचेऱ्यांचीं दारें उघडत, तेंच आतां जेवणाचें साधन झालें.

पैशाच्या बाबतींतही निरनिराळे मार्ग निघाले. नोकरांच्या सहकारी पतपेढ्यांनीं पुढच्या पगाराच्या भरंवशावर बिनव्याजी कर्जें दिलीं. १९२४ सालीं स्थापन झालेल्या तटरक्षकांच्या परस्पर-साहाय्य संस्थेस दीड कोटी डॉलरांची देणगी मिळाली, व तींतून सैनिकांच्या कुटुंबांस बिनव्याजी उसनवार मिळाली. घरीं बसविलेल्या नोकरांना आपापल्या संस्थानांकडे बेकारी विम्याचा अर्ज करतां येई. मात्र मागील पगार हातीं आल्यावर ती रक्कम परत करावी लागे. जे बिनपगारी राबत होते, त्यांना बहुधा हाही आधार नव्हता. कारण कायद्याच्या दृष्टीनें ते बेकार नव्हते!

सरकारनें दिलेला सल्ला कांहीं वेळां जखमेवर मीठ चोळणारा ठरला. सरकारच्या नोकरवर्ग-कचेरीनें घरमालकास लिहावयाच्या पत्राचा एक नमुना प्रसिद्ध केला. त्यांत भाड्याच्या सवलतीबद्दल रंगकाम किंवा सुतारकाम करून देण्याची सूचना होती. तो नमुना जुना असून चुकून प्रसिद्ध झाला, असा खुलासा मागाहून करावा लागला. हे लोक कर्ज काढावयाचें सोडून अन्नछत्रांत कां जातात हें आपणांस नीट समजत नाहीं, असें वाणिज्यमंत्री विल्बर रॉस म्हणाले. पोटांत भूक असणारा व तिचा हिशेब मांडणारा यांच्यामधलें अंतर या उद्गारानें स्पष्ट झालें.

२५ जानेवारी २०१९ रोजीं मार्गदर्शकांच्या अभावीं न्यूयॉर्कच्या एका विमानतळाकडे येणारीं विमानें रोखून धरावीं लागलीं, आणि त्याच दिवशीं बंदी उठली. तत्पूर्वींच १६ जानेवारीस, बंदीच्या काळांतील पगार नोकरांस मागाहून मिळालाच पाहिजे, असा कायदा झाला होता. परंतु सरकारी इमारतींत झाडलोट करणारे व भोजनगृहांत राबणारे कंत्राटी कामगार या कायद्यांत बसले नाहींत. ज्यांची मिळकत सर्वांत थोडी, त्यांचेच बुडालेले दिवस बुडीत राहिले. अन्नतिकिटांवरील कुटुंबांस फेब्रुवारीचा वांटा जानेवारींतच देण्यांत आला; पण त्यामुळें पुढील वांटा येईपर्यंतचा काळ लांबला, आणि तो निभावण्यासाठीं पुष्कळांना पुन्हा अन्नपेढ्यांकडे जावें लागलें.

१ ऑक्टोबर २०२५ रोजीं आरंभलेली बंदी ४३ दिवस चालली. तोंपर्यंतच्या इतिहासांत इतकी दीर्घ बंदी झाली नव्हती. या वेळीं पगारच काय, पण अन्नसाहाय्यही थांबलें. सुमारें ४ कोटी २० लाख लोकांचा, म्हणजे दर आठ माणसांमागें एकाचा, नोव्हेंबरचा वांटा १ तारखेस निघाला नाहीं. राखीव निधि वापरावा कीं नाहीं, यावर न्यायालयांत वाद माजला व तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. कॅलिफोर्निया संस्थानानें अन्नपेढ्यांच्या मदतीस आपलें सैनिकदल पाठविलें, आणि इतर कित्येक संस्थानांनीं आपापल्या तिजोरीला हात घातला. १२ नोव्हेंबरला बंदी संपली.

या सर्व इतिहासांतून अमेरिकन समाजाची उदारता निःसंशय दिसते. शेजारी, देवालयें, पतपेढ्या व अन्नपेढ्या धांवून आल्या नसत्या, तर अनेक घरांत चूल पेटली नसती. परंतु अन्नपेढ्यांच्या राष्ट्रीय संघटनेचाच हिशेब असा आहे, कीं त्यांच्या एका जेवणामागें सरकारी योजना नऊ जेवणें पुरविते. नवांची उणीव एकानें कशी भरून निघावी? दानधर्म ही पावसांतली छत्री आहे. तिच्याखालीं चार पावलें चालतां येतें, संसार थाटतां येत नाहीं. संसारास छप्पर लागतें, आणि तें शाकारण्याचें काम ज्यांच्याकडे सोंपविलें आहे त्यांनीं आपसांतील भांडणासाठीं तें उतरवूं नये, एवढीच त्या रांगेंत उभ्या असलेल्या माणसाची अपेक्षा असते. त्याची थाळी भरली जाते. पण पुढच्या ऑक्टोबरची चिंता मनांत ठेवूनच तो घरीं परततो.