सोन्यात तांबं

आमच्या आजोबांची गलाईची भट्टी कोलकात्यात, बेहाल्याच्या बाजारात होती. खानापूर-आटपाडीकडची माणसं दुष्काळाला कंटाळून सोनं गाळायला देशभर पांगली, त्यांतलेच ते. कोणत्या साली आले, हे दर वेळी वेगळं सांगत. शेजारच्या काकीमा आम्हांला लाडानं ‘बोर्गी’ म्हणायच्या. नागपूरकर भोसल्यांच्या स्वारांची भीती घालून तिकडे पोरं झोपवतात ना, तेच हे बोर्गी.

माळकरी माणूस मोहन बागान या फुटबॉल क्लबाच्या नादी कसा लागला, देव जाणे. १९११ ची आयएफए शील्ड ते डोळ्यांनी पाहिल्यासारखी सांगत. तेव्हा त्यांचा जन्मही नव्हता! “अकरा अनवाणी पोरांनी गोऱ्या पलटणीला २-१ नं लोळवलं गं.” अकरांतल्या एकाच्या पायांत बूट होते, हे मी पुढे वाचलं, त्यांना कधी सांगितलं नाही.

सामना असला की भट्टी लवकर विझायची आणि आम्ही मैदानाकडे जाणारी ट्राम धरायचो. बागान जिंकला की चिंगडी म्हणजे कोळंबी, ईस्ट बेंगॉल जिंकला की इलिश मासा, ही कोलकात्याची रीत. काकीमांचं घर बरिशालकडचं, म्हणजे ईस्ट बेंगॉलचं. आजोबा चिंगडीची पिशवी हात लांब धरून आणत आणि मुद्दाम त्यांच्या दारात ठेवत. मग आजी त्यांना न्हाल्याशिवाय घरात घेत नसे.

क्लबांना पैशाची अडचण तेव्हाही होतीच. एके काळी दोन्ही क्लबांच्या नावांपुढे एकाच मालकाच्या दारूची नावं होती, मॅकडॉवेल आणि किंगफिशर. आजोबा माळेला हात लावून म्हणत, “विठ्ठला, तेवढं नको बघूस.”

मग २०१९ मध्ये इंडियन सुपर लीग (आयएसएल) देशातली अव्वल फुटबॉल लीग ठरली आणि जुनी आय-लीग खाली गेली. टीव्ही तिकडे, पैसा तिकडे. मार्च २०२० मध्ये बागाननं आय-लीग जिंकली, आणि जूनमध्ये आयएसएलमधल्या एटीके या क्लबाशी एकत्र येऊन ती सोडली. फुटबॉलचा ८० टक्के हिस्सा एटीकेवाल्या गोएंकांच्या उद्योगसमूहाकडे गेला. बेहाल्याचाच सौरव गांगुली एटीकेच्या मालकांपैकी एक, त्यामुळे गल्लीत राग तरी कुणावर काढायचा? ईस्ट बेंगॉललाही सिमेंट कंपनी मिळाली तेव्हाच नव्या लीगचं दार उघडलं.

आजोबांना टक्केवारी कळायची, हयात कसोटीवर गेलेली. “सोन्यात तांबं घातलं की वजन वाढतं. पर कस?” असं म्हणून ते गप्प बसले. नव्या लीगमधली बागान-ईस्ट बेंगॉलची पहिली डर्बी २७ नोव्हेंबरला वास्कोच्या टिळक मैदानावर झाली. करोनामुळे प्रेक्षकच नव्हते. बागान २-० नं जिंकला. आजोबांनी पिशवी काढली नाही. नावापुढचं ‘एटीके’ काढा म्हणून पोरं ओरडत होती, तेव्हा मात्र त्यांनी मला मोबाइलचा आवाज वाढवायला सांगितला.

पुढच्या वर्षी ते गेले. १८ मार्च २०२३ ला बागाननं, गोव्यातच, पेनल्टींवर आयएसएल करंडक जिंकला आणि ‘एटीके’ जाणार असं मालकांनी त्याच रात्री जाहीर केलं. (मागं ‘सुपर जायंट’ जोडलंच, ते असो.) दुसऱ्या दिवशी मी बाजारात गेले. मेट्रोच्या कामात ट्राम कधीच बंद झालेली, चालतच आले. पिशवी काकीमांच्या दारात ठेवली. आतून त्यांची सून ओरडली, “मा, बोर्गी एशेछे!”