रोगप्रतिबंधासाठी राज्याचा स्वतंत्र न्यास : संकल्पना आणि अनुभव

चिखली (पिंपरी-चिंचवड) : रुग्ण रुग्णालयात दाखल झाला, की त्याच्या उपचारांचा खर्च भागविणाऱ्या अनेक योजना महाराष्ट्रात आहेत. २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना पुढील वर्षी राज्यभर लागू झाली आणि २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना असे नाव मिळाले. संघटित क्षेत्रातील कामगारांसाठी कर्मचारी राज्य विमा योजना आहे. धर्मादाय रुग्णालयांनी आपल्या देयकांच्या रकमेतील २ टक्के हिस्सा निर्धन रुग्ण निधीत जमा करावा, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने लागू झालेल्या २००६ च्या योजनेत ठरवून देण्यात आले. मात्र माणूस आजारीच पडू नये, यासाठी लागणाऱ्या पैशाला असा हक्काचा स्रोत नाही. तो दरवर्षीच्या अंदाजपत्रकात मागावा लागतो आणि काटकसरीची वेळ आली, की बहुधा त्यालाच प्रथम कात्री लागते. टळलेला रोग कोणत्याही नोंदवहीत दिसत नाही, हे त्याचे मुख्य कारण होय.

यावर उपाय म्हणून राज्याने कायद्याने एक स्वतंत्र न्यास स्थापन करावा, त्याला उत्पन्नाचे निश्चित साधन द्यावे आणि तो पैसा केवळ सार्वजनिक आरोग्य व रोगप्रतिबंध यांवर खर्च व्हावा, ही कल्पना जगात अनेक ठिकाणी अमलात आली आहे. महाराष्ट्रालाही ती सर्वस्वी नवी नाही.

चिखलीचे उदाहरण

अशा न्यासाची गरज कोठे भासते, हे पाहण्यासाठी चिखली हे गाव पुरेसे आहे. इंद्रायणीकाठचे हे गाव १९९७ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या हद्दीत आले. शेतांच्या जागी लघुउद्योगांच्या शेड, कामगारांच्या चाळी, गृहनिर्माण संस्था आणि कुदळवाडीची भंगाराची गोदामे उभी राहिली. नोव्हेंबर २०१९ मध्ये शहरात दिवसाआड पाणीपुरवठा सुरू झाला. नळाला रोज पाणी येत नसेल, तर घरोघरी पिंपे आणि टाक्या भरून ठेवणे क्रमप्राप्त ठरते. डेंगीचा प्रसार करणारा एडिस डास याच स्वच्छ, साठविलेल्या पाण्यात अंडी घालतो. जुने टायर, फुटके डबे आणि उघड्यावरचे भंगार हीदेखील त्याची आवडती ठिकाणे. अंड्यापासून पूर्ण वाढ झालेला डास तयार होण्यास साधारण सात ते दहा दिवस लागतात. म्हणूनच आठवड्यातून एक 'कोरडा दिवस' पाळण्याचा सल्ला देण्यात येतो.

डेंगीच्या विषाणूवर थेट मारा करणारे औषध अद्याप उपलब्ध नाही; लक्षणांवर उपचार करावे लागतात. साहजिकच प्रतिबंध हाच खरा उपाय ठरतो. पण हा प्रतिबंध डॉक्टरांच्या हातात नाही. तो पाणीपुरवठा, घनकचरा, बांधकाम परवाने आणि भंगार व्यवसायाचे नियमन यांत विभागलेला आहे. घरोघरी जाऊन टाक्या तपासणारे कर्मचारी केवळ पावसाळ्यापुरते नेमले, तर दरवर्षी नव्याने सुरुवात करावी लागते. पाण्याची हेळसांड किती महागात पडते, हे जानेवारी २०२५ मध्ये पुणे परिसराने अनुभवले. सिंहगड रस्ता व नांदेड गाव भागात गुलियन बारे सिंड्रोमचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले आणि काहींच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा दूषित पाण्यातून व अन्नातून पसरणारा जिवाणू सापडला.

प्लेगनंतरचा मुंबईतील न्यास

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईतील मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला. पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांचे १० मार्च १८९७ रोजी निधन झाले. केवळ झडत्या व विलगीकरण यांनी साथ आटोक्यात येत नाही. दाटीची, कोंदट वस्ती हेच मूळ आहे, असे सरकारचे मत झाले आणि १८९८ च्या कायद्याने 'बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट' स्थापन करण्यात आला. त्याला सरकारी व नगरपालिकेच्या जमिनी मिळाल्या, नगरपालिकेच्या उत्पन्नातून वार्षिक वाटा ठरला आणि कर्जरोखे काढण्याचा अधिकार देण्यात आला. रोगप्रतिबंधासाठी निश्चित उत्पन्न असलेली स्वतंत्र संस्था म्हणतात ती हीच.

या संस्थेने मोकळी हवा शहरात यावी म्हणून प्रिन्सेस स्ट्रीट व सँडहर्स्ट रोड हे रस्ते काढले, तसेच दादर-माटुंग्याची आखीव वस्ती वसविली. परंतु तिच्या कामाची दुसरी बाजूही होती. आरोग्यास अपायकारक ठरवून घरे पाडण्याचा वेग, नवी घरे बांधण्याच्या वेगापेक्षा अधिक राहिला. विस्थापित गरीब कुटुंबे जवळच्याच चाळींत शिरली आणि दाटी एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत गेली. १९३३ मध्ये हा न्यास महापालिकेत विलीन झाला. त्याच धर्तीवर १९३६ च्या कायद्याने स्थापन झालेला नागपूर सुधार प्रन्यास मात्र विदर्भातील वाचकांच्या चांगल्या परिचयाचा आहे.

हा धडा चिखलीलाही लागू आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने कुदळवाडीतील अनधिकृत गोदामे व शेड मोठ्या प्रमाणावर पाडल्या. तथापि उद्योगनगरीत भंगार निर्माण होतच राहणार. त्याला नियमबद्ध, छप्पर असलेली जागा मिळाली नाही, तर गोदामांबरोबर डासही पुढच्या गावी जातील.

वेतनातून कापला जाणारा कर

ठरावीक कामासाठी ठरावीक कर, हा प्रयोग महाराष्ट्राने स्वातंत्र्यानंतरही केला. वि. स. पागे यांच्या पुढाकारातून आकाराला आलेल्या रोजगार हमी योजनेसाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर लावण्यात आला. त्यातून येईल तेवढीच रक्कम सरकारने आपल्याकडून घालावी, असे तत्त्व स्वीकारण्यात आले आणि १९७७ च्या कायद्याने रोजगार हमी निधीला वैधानिक आधार मिळाला. चाकण किंवा भोसरीतील कामगाराच्या पगारपत्रकात दिसणारी दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपयांची कपात ती हीच. राज्यघटनेनुसार या कराची कमाल मर्यादा वर्षाला २,५०० रुपये आहे. शहरी नोकरदाराने दुष्काळी भागातील मजुराच्या कामाचा भार उचलावा, हा त्यामागील विचार होता. मात्र जमा झालेली रक्कम व योजनेवरील प्रत्यक्ष खर्च यांतील तफावतीवर पुढे वेळोवेळी टीका झाली. कराला नाव दिले म्हणजे पैसा त्या कामावर खर्च होतोच असे नाही, हा या अनुभवाचा अर्थ.

परदेशांतील अनुभव

ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने १९८७ मध्ये तंबाखूवरील शुल्काच्या आधारे आरोग्यसंवर्धन संस्था स्थापन केली आणि खेळांना मिळणारे तंबाखू कंपन्यांचे प्रायोजकत्व या पैशाने हटविले. थायलंडने २००१ मध्ये दारू व तंबाखूवरील उत्पादन शुल्कावर २ टक्के अधिभार बसवून असाच निधी उभारला. अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात २००० मध्ये मतदारांनी घटनादुरुस्ती मंजूर करून तंबाखू कंपन्यांकडून मिळालेल्या भरपाईचा न्यास केला. मूळ रकमेला हात न लावता तिच्या उत्पन्नातूनच खर्च करण्याचे बंधन त्यावर आहे. याउलट मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१२ मध्ये विमा कंपन्या व मोठी रुग्णालये यांच्याकडून चार वर्षांसाठी ६ कोटी डॉलर उभारून रोगप्रतिबंध न्यास सुरू केला. रक्तदाब, दमा, तंबाखूसेवन व वृद्धांचे पडणे यांवर नऊ स्थानिक भागीदारी संस्थांनी काम केले. पण उत्पन्न एकदाच मिळालेले होते. मुदत संपली आणि नवा निधी न मिळाल्याने काम थांबले.

महाराष्ट्रात काय शक्य आहे?

सार्वजनिक आरोग्य व स्वच्छता हा विषय घटनेने राज्यांकडे सोपविला आहे. त्यामुळे असा कायदा करण्यास विधिमंडळ सक्षम आहे. उत्पन्नाचा प्रश्न मात्र थोडा बिकट आहे. तंबाखूवरील राज्याचा कर २०१७ मध्ये वस्तू व सेवा करात सामावला गेला. पिण्याचे मद्य या कराबाहेर असल्याने त्यावरील उत्पादन शुल्क हे राज्याच्या हाती उरलेले प्रमुख साधन होय. कोणताही कर प्रथम राज्याच्या एकत्रित निधीत जमा होतो आणि तेथून विधिमंडळाच्या मंजुरीनेच बाहेर पडतो. म्हणजे न्यासाला दरवर्षी रक्कम देण्याचे बंधन कायद्यातच लिहावे लागेल. केंद्राने मार्च २०२१ मध्ये मंजूर केलेला प्रधानमंत्री स्वास्थ्य सुरक्षा निधी हा नमुना समोर आहे. आरोग्य व शिक्षण उपकरातील आरोग्याचा वाटा त्यात जमा होतो आणि आर्थिक वर्ष संपले तरी शिल्लक रक्कम व्यपगत होत नाही.

राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०१७ मध्ये राज्यांनी आपल्या अंदाजपत्रकाच्या ८ टक्क्यांहून अधिक खर्च आरोग्यावर करावा, असे सुचविले होते. न्यासाची रक्कम या नियमित खर्चाच्या वर असली पाहिजे. एका हाताने न्यासाला देऊन दुसऱ्या हाताने आरोग्य विभागाची तरतूद कमी केली, तर लोकांच्या पदरी काहीच पडणार नाही.

वरील अनुभवांतून चार अटी पुढे येतात. उत्पन्न एकदाचे नव्हे, कायमचे असावे. वर्षाअखेरीस शिल्लक परत जाऊ नये. पैसा कोणत्या कामावर गेला, याचा प्रभागनिहाय हिशेब प्रसिद्ध व्हावा. आणि विश्वस्त मंडळावर अधिकाऱ्यांबरोबरच ज्यांच्या वस्तीत काम व्हायचे आहे, त्यांना स्थान असावे. मुंबईच्या जुन्या न्यासात ज्यांची घरे पडली, त्यांना त्या निर्णयात विचारले गेले नव्हते.

पिंपरीच्या औद्योगिक इतिहासाच्या प्रारंभीच, १९५४ मध्ये, हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला. पेनिसिलिन सर्वसामान्यांना मिळावे, यासाठी सरकारने जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने केलेली ती गुंतवणूक होती. ज्या परिसराची उभारणी सार्वजनिक आरोग्याच्या कारखान्यापासून झाली, त्याच परिसरातील कामगार साठविलेल्या पाण्यातील डासामुळे पंधरा दिवसांचा रोजगार गमावतो. त्याच्या आजाराचा खर्च कोणती योजना देईल, याचे उत्तर आज बहुधा सापडते. तो आजार टाळण्याचा खर्च कोण देणार, याचे उत्तर कायद्यात लिहावे लागेल.