पात्यावरची झिलई

आकाशकंदिलाच्या कामट्या तासायची वेळ आली, की आमच्या घरी अजूनही आजोबांचा चाकू बाहेर निघतो. पात्याच्या बुडाशी तारा आणि क्रूस अशी खूण आहे. म्हणजे चाकू शेफील्डच्या जोसेफ रॉजर्सचा. पाते काळवंडले आहे, पण धार अशी, की बांबू सरळ रेषेत चिरत जातो. मागे एकदा मला हौस आली, की असाच एक नवा खिशातला चाकू घ्यावा, मात्र पाते आरशासारखे लखलखीत असावे. एका परदेशी कारखानदाराला तसे पत्र टाकले. जादा दाम देण्याचीही तयारी दाखवली. उत्तर आले दोन ओळींचे: जसा बनतो तसाच मिळेल. गिऱ्हाईक पैसे मोजायला तयार आणि विकणारा नको म्हणतो, हा कुठला व्यापार? त्या रागापोटी मी चाकूंचा इतिहास चाळू लागलो आणि आजोबांच्या चाकूच्या गावी जाऊन पोचलो.

इंग्लंडच्या यॉर्कशर परगण्यातले शेफील्ड चौदाव्या शतकापासून चाकूंसाठी नावाजलेले. चॉसर कवीच्या एका कथेतला गिरणीवाला शेफील्डचाच चाकू बाळगतो. १६२४ साली पार्लमेंटच्या कायद्याने तिथल्या चाकू करणाऱ्यांची कंपनी स्थापन झाली. टेकड्यांवरून उतरणाऱ्या नद्यांवर पाणचक्क्या बसल्या आणि त्यांवर घासण्याचे दगड फिरू लागले. पण एक चाकू एका हाताने होत नसे. पाते घडवणारा लोहार निराळा, ते दगडावर घासणारा निराळा आणि पाते, स्प्रिंग व मूठ जुळवणारा तिसराच. यांतले पुष्कळजण भाड्याच्या जागेत बसून स्वतंत्रपणे काम करीत. त्यांना तिथे ‘लिटल मेस्टर’ म्हणत. आपला ‘मेस्त्री’ पोर्तुगीजांकडून आलेला. तो आणि हा ‘मेस्टर’ एकाच लॅटिन घराण्यातले भाऊ! आपल्याकडेही लोहार वेगळा आणि शिकलगार वेगळा होताच की. शिकल म्हणजे हत्यारावरची झिलई. तीवर एका अख्ख्या जमातीचे पोट चाले.

आता ही झिलई चढते कशी, ते पाहू. दगडावर घासलेले पाते कातडे मढवलेल्या लाकडी चाकावर धरीत. त्या कातड्यावर सरसाने कुरुंदाची पूड चिकटवलेली असे. मग आणखी बारीक पुडीचे चाक आणि अगदी आरसाच हवा असेल तर शेवटी लोखंडाच्या तांबड्या भस्माचे. प्रत्येक पायरीवर आधीच्या पायरीचे ओरखडे पुसायचे. मजुरी डझनाच्या हिशेबाने. अशा ठिकाणी कुणी एकच पाते निराळे मागितले, की त्या एकासाठी चाके बदलायची, हात थांबवायचा आणि डझनाची मजुरी बुडवायची.

वाचक म्हणतील, मग तयार चाकूच का घासून देत नाहीत? तिथेही अडचण आहे. चाकू रिव्हेटी ठोकून जुळवलेला असतो. पाते सुटे करायचे तर रिव्हेट फोडावी लागते. पुन्हा घासलेले पाते पातळ होते आणि मुठीत डुगडुगू लागते. शिवाय पात्याला दिलेले पाणी साध्या पोलादात दोनशे-अडीचशे अंशांच्या आसपास बेतलेले असते. चाकावर पाते त्यापलीकडे तापले, की पाणी उतरते. दिसायला आरसा आणि कापायला पत्रा! वर बुडाशी असलेली खूण पुसट होते. दोष मात्र त्या खुणेच्या धन्याच्याच माथी बसतो.

त्या लोकांच्या हातात कसब नव्हते असे मात्र कुणी समजू नये. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनासाठी याच रॉजर्सच्या पेढीने पंचाहत्तर पाती आणि हत्यारे असलेला प्रचंड ‘नॉरफोक चाकू’ तयार केला. पात्यांवर चित्रे काढली, झिलईत कसूर ठेवली नाही. पण तो चाकू मिरवण्यासाठी होता. पेन्सिलीला टोक काढण्यासाठी नव्हे.

या लखलखाटाला आणखी एक किंमत होती आणि ती कुठल्याच बिलात लिहिलेली नसे. वालुकाश्माच्या दगडाची धूळ घासणाऱ्यांच्या छातीत साचे. शेफील्डचे डॉक्टर नाइट यांचा दाखला एंगल्सने १८४५ च्या आपल्या ग्रंथात दिला आहे: कोरड्या दगडावर घासणाऱ्याचे आयुष्य सरासरीने जेमतेम पस्तीस वर्षे, ओल्या दगडावर घासणाऱ्याचे क्वचितच पंचेचाळिशीपलीकडे. हे आकडे वाचले आणि माझे ते जादा दाम मला फार हलके वाटू लागले. पात्यावरून दगड एकदा अधिक फिरवायचा, म्हणजे कुणीतरी तितका अधिक श्वास त्या धुळीत घ्यायचा.

पुढे दिवस पालटले. १९१३ साली शेफील्डच्याच हॅरी ब्रेअर्ली यांनी क्रोमियम घातलेले, सहजी न गंजणारे पोलाद ओतले. वालुकाश्माची जागा कृत्रिम दगडांनी घेतली, हातांची यंत्रांनी. पण नकार काही गेला नाही; उलट पक्का झाला. हजारो पात्यांसाठी बेतलेले यंत्र एकासाठी थांबवणे अधिकच महाग. आज पात्यावर निर्वात पेटीत जे टणक रंगीत थर चढवतात, त्यासाठी एका पात्याकरिताही अख्खी पेटी तापवावी लागते. आणि ती आंच न सोसणाऱ्या पोलादाचे पाणी तिथेही उतरते. झिलई हा शेवटी लावायचा टिळा नव्हे. पोलाद निवडतानाच ती ठरलेली असते.

यंदा कामट्या तासताना नातवाने विचारले, “आजोबा, हा चाकू घासून चकचकीत करू या का?” मी म्हटले, “नको रे. तेलाचा हात फिरव आणि ठेवून दे.” त्याने तसे केले आणि पुढची कामटी उचलली.