वार्ता आणि साक्ष : खानदेशातील एका चौकशीचा इतिहास

मराठी वृत्तपत्रांचा इतिहास लिहिताना थोर संपादक, त्यांचे अग्रलेख, त्यांच्यावरील राजद्रोहाचे खटले आणि त्यांचा तुरुंगवास यांचे सविस्तर वर्णन केले जाते. ते योग्यच आहे. परंतु वृत्तपत्राचा मूळ व्यवसाय बातमी देणे हा आहे, आणि बातमी द्यायची तर कोणाचे म्हणणे साक्ष म्हणून धरायचे हे आधी ठरवावे लागते. ज्या समाजाचा शब्द शतकानुशतके चावडीवर, पंचायतीत आणि कचेरीत मोजला गेला नाही, त्याचा शब्द छापखान्यात आपोआप मोजला जाईल असे मानण्यास काहीच आधार नव्हता. या दृष्टीने खानदेशातील एक प्रसंग पाहण्यासारखा आहे. तो अपघात म्हणून सर्वांना ठाऊक आहे; परंतु मुळात तो एका चौकशीचा भाग होता.

आजचा नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला. १९०६ मध्ये जुन्या खानदेशचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे करण्यात आले, तेव्हा नंदुरबार, शहादे, तळोदे हा मुलूख पश्चिम खानदेशात गेला. सातपुड्याच्या पायथ्याचा आणि तापीकाठचा हा प्रदेश प्रामुख्याने भिल्ल, पावरा, कोकणी, मावची अशा आदिवासींचा आहे. २०११ च्या जनगणनेनुसार नंदुरबार जिल्ह्यातील सुमारे ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. शालेय पुस्तकात नंदुरबारचे नाव येते ते ९ सप्टेंबर १९४२ रोजी पोलिसांच्या गोळीबारात हुतात्मा झालेल्या बाल शिरीषकुमार मेहता आणि त्याच्या सोबत्यांमुळे. ते स्मरण अभिमानास्पदच आहे. मात्र याच मुलुखातील सालदाराचे, वेठबिगाराचे आणि गावकुसाबाहेरील माणसाचे रोजचे जिणे त्या काळच्या वृत्तपत्रांच्या स्तंभांत फारसे पोहोचलेच नाही.

१९२८ मध्ये मुंबई सरकारने इलाख्यातील अस्पृश्य वर्ग आणि आदिवासी जमाती यांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी ओ. एच. बी. स्टार्ट या अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिचे सभासद होते. ठक्कर बाप्पा आणि डॉ. पी. जी. सोळंकी हेही होते. अस्पृश्य आणि आदिवासी या दोन्ही समाजांची गाऱ्हाणी एकाच समितीने ऐकावीत, ही गोष्ट सहज विसरली जाते. खानदेशाच्या दृष्टीने ती फार महत्त्वाची होती, कारण येथे दोन्ही समाज एकाच शेताच्या बांधावर राबत होते.

१९२९ च्या दौऱ्यात समितीचे गट पडले आणि खानदेशचे दोन्ही जिल्हे बाबासाहेब व आणखी एक सभासद यांच्या वाट्याला आले. काम आटोपल्यावर दोघे वेगळे झाले. सहकारी एका हिंदू साधूच्या दर्शनाला गेले. बाबासाहेब मुंबईच्या गाडीत बसले, परंतु वाटेत चाळीसगावला उतरले. धुळे मार्गावरील एका गावात सवर्णांनी अस्पृश्यांवर सामाजिक बहिष्कार पुकारला होता, त्याची प्रत्यक्ष माहिती त्यांना घ्यायची होती. ते त्या गावी गेले, परिस्थिती जाणून घेतली आणि पुढच्या गाडीने चाळीसगावला परतले. तो ऑक्टोबर महिना होता. पुढे जे घडले ते वाचकांना माहीत आहे. महारवाडा स्टेशनापासून दोन फर्लांगांवर, मध्ये नदी आणि तिच्यावर मोरी. एकही टांगेवाला महार माणसाला नेण्यास तयार होईना. अखेर टांगा द्यायचा, पण हाकायचा नाही, अशी तडजोड झाली. टांगा हाकण्याची सवय नसलेला वस्तीतील एक माणूस लगाम धरून बसला, आणि मोरीवर चाक अडकून बाबासाहेब खाली फरसबंदीवर फेकले गेले. घोडा आणि टांगा नदीत कोसळले. बाबासाहेबांचा पाय मोडला.

हा प्रसंग बाबासाहेबांनी पुढे स्वतः इंग्रजीत लिहून ठेवला. ते टिपण १९९० मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीने पुस्तिकारूपाने प्रसिद्ध केले. त्याचे वाचन बहुधा अपमानाची कहाणी म्हणून होते. परंतु वृत्तलेखन म्हणून ते वाचले तर त्यातील शिस्त नजरेत भरते. स्टेशनावर तासभर का थांबावे लागले, हे त्यांना त्या वेळी समजले नव्हते. ते कारण त्यांनी नंतर विचारून घेतले आणि तसेच नोंदविले. टांगेवाल्याने नकार का दिला, हे सांगताना त्यांनी त्याला राक्षस ठरविले नाही. महार माणसाला घेऊन जाणे त्याला कमीपणाचे वाटत होते, एवढेच त्यांनी सांगितले. आणि बॅरिस्टर झालेल्या माणसापेक्षाही हा साधा टांगेवाला स्वतःला श्रेष्ठ समजू शकतो, हा त्यातून निघणारा निष्कर्ष मांडला. विशेष म्हणजे त्यांनी आपल्या माणसांनाही सोडले नाही. पाहुण्याने पायी चालत येणे कमीपणाचे दिसेल म्हणून चाळीसगावच्या मंडळींनी टांग्याचा हट्ट धरला. पाहुण्याची प्रतिष्ठा राखण्याच्या नादात त्याचा जीव धोक्यात घातला, असे त्यांनी स्पष्ट लिहिले आहे. ज्यांनी प्रेमाने हार घातले त्यांचीही चूक लिहावी आणि ज्यांनी अवमान केला त्यांचाही हेतू अचूक नोंदवावा, ही वृत्ती अलीकडच्या वार्ताहरांत, आपल्या चळवळीच्या वृत्तपत्रांतील वार्ताहरांतसुद्धा, विरळच आढळते.

ही शिस्त एकाएकी आलेली नव्हती. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक'चा पहिला अंक निघाला. त्याच्या अग्रलेखात बाबासाहेबांनी तत्कालीन वृत्तपत्रांची मांडलेली झडती आजही वाचावी अशी आहे. बहुतेक पत्रे विशिष्ट जातीचे हित पाहणारी आहेत आणि इतरांच्या हिताची त्यांना पर्वा नसते, हे त्यांनी सांगितले. मात्र त्याच वेळी 'दीनमित्र', 'जागरूक', 'डेक्कन रयत', 'विजयी मराठा', 'ज्ञानप्रकाश', 'सुबोधपत्रिका' ही पत्रे अस्पृश्यांच्या प्रश्नांची चर्चा करतात, हेही नोंदविले. ती पत्रे वाईट आहेत असा त्यांचा आक्षेप नव्हता. त्यांत पुरेशी जागा मिळणे शक्य नाही, असा होता. 'केसरी'ने या नव्या पत्राची जाहिरात पैसे घेऊनही छापण्याचे नाकारले, ही हकीकत प्रसिद्धच आहे. लोकमान्य टिळक त्या वेळी हयात होते.

महाडला याहून निकराचा अनुभव आला. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी पिऊन परतणाऱ्या सत्याग्रहींवर हल्ला झाला, तो एका अफवेमुळे. अस्पृश्य आता वीरेश्वराच्या मंदिरात शिरणार, अशी आवई गावात उठविण्यात आली आणि लाठ्या बाहेर पडल्या. खोटी बातमी माणसांची डोकी फोडू शकते, याचा हा उघड पुरावा होता. तेथून अवघ्या दोन आठवड्यांत, ३ एप्रिल १९२७ रोजी, 'बहिष्कृत भारत' सुरू झाले. महाडचा वृत्तांत, विरोधी पत्रांनी घेतलेल्या आक्षेपांना मुद्देसूद उत्तरे, गावोगावच्या अन्यायाच्या हकीकती यांनी ते भरलेले असे. पुष्कळदा अंकाचे सर्व चोवीस रकाने बाबासाहेबांना एकट्याने लिहावे लागत. छापखाना, वर्गणी, कागद यांची चिंता वेगळीच.

या पार्श्वभूमीवर चाळीसगावच्या अपघातानंतरच्या तारखा पाहाव्यात. अपघात ऑक्टोबर १९२९ मधला. १५ नोव्हेंबर १९२९ रोजी 'बहिष्कृत भारत' बंद पडले. देवराव विष्णू नाईक यांच्या संपादकत्वाखालील 'समता' त्याआधीच थांबले होते. 'जनता'चा पहिला अंक निघाला तो २४ नोव्हेंबर १९३० रोजी. म्हणजे संपादक अंथरुणाला खिळलेला, आणि पुढे संपूर्ण वर्षभर हाताशी स्वतःचे पत्र नाही. याच वर्षात, २ मार्च १९३० रोजी, नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. हजारो स्त्री-पुरुषांचा तो लढा सुरुवातीच्या महिन्यांत परक्यांच्या स्तंभांतूनच जगापुढे गेला. काळारामाच्या इतिहासलेखनात ही अडचण क्वचितच लक्षात घेतली जाते. अभ्यासक इतर वृत्तपत्रांतील वृत्तांतच साधन म्हणून वापरतात आणि ते कोणाच्या नजरेतून लिहिले गेले, हे तपासत नाहीत.

पत्र बंद होते, तरी खानदेशात गोळा केलेली साक्ष वाया गेली नाही. स्टार्ट समितीचा अहवाल १९३० मध्ये सादर झाला. क्षुल्लक कारणावरून गावेच्या गावे अस्पृश्यांवर बहिष्कार घालतात, दुकानदार माल देत नाहीत, रस्ता बंद होतो, पिढ्यान्पिढ्या कसलेली जमीन काढून घेतली जाते, हे समितीने आपल्या शब्दांत मान्य केले. बाबासाहेब आणि रावबहादूर आर. श्रीनिवासन यांनी गोलमेज परिषदेपुढे अस्पृश्यांच्या संरक्षणाचे जे निवेदन ठेवले, त्यात अहवालातील हाच भाग उद्‌धृत करण्यात आला आणि बहिष्कार हा दंडनीय गुन्हा ठरवावा अशी मागणी करण्यात आली. मागणीचा मसुदा ब्रह्मदेशातील १९२२ च्या बहिष्कारविरोधी कायद्यावरून घेतला होता. तेथे तो इंग्रजांनी राजकीय बहिष्कार मोडून काढण्यासाठी केला होता. बाबासाहेबांनी त्यातील हत्यार उचलून दुर्बलांच्या हाती देण्याचा प्रयत्न केला. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा विधिमंडळाने संमत केला तो २०१६ मध्ये, आणि तो अमलात आला २०१७ मध्ये. चाळीसगावच्या मोरीपासून तेथवर अठ्ठ्याऐंशी वर्षांचा काळ जातो.

वृत्तपत्रांविषयीचा बाबासाहेबांचा निवाडा उत्तरोत्तर कठोर होत गेला. जानेवारी १९४३ मध्ये पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांच्या जयंतीनिमित्त केलेल्या भाषणात, एके काळी व्रत असलेली पत्रकारिता आता साबण बनविण्यासारखा धंदा झाली आहे, असे त्यांनी सुनावले. विभूतिपूजा हे तिचे मुख्य काम होऊन बसले आहे, अशी त्यांची तक्रार होती. पुढे १९४५ मध्ये काँग्रेसच्या अस्पृश्यविषयक धोरणाची चिकित्सा करताना त्यांनी वृत्तसंस्थांच्या नेमणुकांकडेच बोट दाखविले. बातमी तारेवर चढण्यापूर्वीच गाळली जाते, आणि गाळणारे कोण आहेत ते पाहा, असा त्यांचा मुद्दा होता. भगवंतांनी कालामांना सांगितले की ऐकीव म्हणून, परंपरेने आले म्हणून काही स्वीकारू नका. त्या उपदेशाचे हे वृत्तपत्रीय रूप मानता येईल. 'जनता'चे 'प्रबुद्ध भारत' असे नामांतर ४ फेब्रुवारी १९५६ रोजी झाले, तेव्हा त्यामागे ही सारी घडण होती.

आता पुन्हा नंदुरबारकडे वळू. स्टार्ट समितीनंतर चार दशकांनी, २ मे १९७१ रोजी, शहादे तालुक्यातील पाटीलवाडी येथे आदिवासींवर जमीनदारांच्या बाजूने गोळीबार झाला. पार्श्वभूमी दुष्काळाची आणि उपासमारीची होती. भिल्लांच्या हातून गेलेल्या तापीकाठच्या काळ्या जमिनीवर बागायती उभी राहिली होती, आणि जुने मालक तिच्यावर सालदार म्हणून राबत होते. शेतमालकांनी पीक संरक्षणाच्या नावाखाली आपली दले उभारली होती. पाटीलवाडीच्या घटनेला दोन शब्द चिकटू शकत होते : दरोडा किंवा भूक. कोणता शब्द बातमीत येईल, ते वार्ताहर कोणाच्या ओसरीवर बसला यावर अवलंबून होते. पोलीस ठाण्यात जो शब्द लिहिला जाई तोच बहुधा दुसऱ्या दिवशी छापून येई, ही पद्धत १९२७ च्या महाडपेक्षा फारशी निराळी नव्हती.

हा शब्द बदलला तो त्या माणसांमध्ये जाऊन राहणाऱ्यांमुळे. अंबरसिंग सुरतवंती हे स्वतः भिल्ल. त्यांनी ग्रामस्वराज्य समितीमार्फत गावोगाव जमिनीची आणि मजुरीची माहिती काढली. १९७२ मध्ये श्रमिक संघटना उभी राहिली. सालदाराला वर्षाला काय मिळते, जमीन कोणत्या कागदावर गेली, कर्ज किती होते, अशा प्रश्नांची उत्तरे सभांतून उघड मांडली जाऊ लागली. त्यानंतरच अभ्यासकांचे लेख आले. १९७६ मध्ये मारिया मीस यांनी शहाद्याच्या चळवळीवर लिहिलेला निबंध देशाबाहेरही वाचला गेला. आदिवासींच्या जमिनी परत देण्यासंबंधीचा महाराष्ट्राचा कायदा १९७४ चा आहे. अंबरसिंग त्याच वर्षी निवर्तले. वृत्तपत्रांनी ही चळवळ घडविली असे म्हणता येणार नाही; उलट चळवळीनेच वृत्तपत्रांना काय विचारावे हे शिकविले, असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होईल.

तरीही एक प्रश्न उरला होता, आणि तो बाहेरच्या कोणी नव्हे, तर याच चळवळीतील वाहरू सोनवणे यांनी उपस्थित केला. शहादे परिसरातील या भिल्ल कार्यकर्त्या-कवीचा 'गोधड' हा संग्रह १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांची 'स्टेज' ही कविता अनेकांना माहीत आहे. आमचे दुःख सांगणारे स्टेजवर चढले, आम्ही मात्र खालीच बसून राहिलो, असा तिचा आशय आहे. सांगणारे लोक शत्रुपक्षाचे नव्हते. ते सहानुभूती असलेले, बहुधा प्रामाणिकही होते. नेमकी हीच गोष्ट 'मूकनायक'च्या पहिल्या अग्रलेखात सहानुभूतीच्या पत्रांबद्दल म्हटली होती. सातपुड्याच्या पायथ्याला ती पुन्हा, भिल्ल माणसाच्या तोंडून, सदुसष्ट वर्षांनी म्हटली गेली.