पोटमाळ्यावरचं वर्कबेंच

सरकारी क्वार्टरमध्ये वर्कबेंच थाटणं म्हणजे काय, हे फौजी वाचकांना सांगायला नको. भिंतीला भोक पाडायची सोय नाही, आणि दोन-अडीच वर्षांत काळ्या पेट्या पुन्हा बांधायच्याच. सध्या बबिन्याला गॅरेजच्या कोपऱ्यात पॅकिंगच्या खोक्यांच्या फळ्या जोडून माझं बेंच उभं आहे. एक व्हाइस, एक रंधा, दोन पटाश्या, करवत, आणि लेकीसाठी अर्धवट बांधलेलं ग्लायडर. 'बाजारात तयार मिळतं की, साहेब!' हे प्रत्येक पाहुणा एकदा तरी म्हणतो. अशा वेळी मी त्याला चहा देतो आणि कोल्डिट्झची गोष्ट सांगतो.

कोल्डिट्झ हा जर्मनीच्या सॅक्सनी प्रांतातला किल्ला. दुसऱ्या महायुद्धात इतर छावण्यांतून पळालेले आणि पुन्हा सापडलेले युद्धकैदी अधिकारी इथे आणून ठेवत. (आपले डॉ. बिरेंद्रनाथ मझुमदार इथले एकमेव भारतीय अधिकारी होते, पण ही गोष्ट सुरू होण्याआधीच ते तिथून गेले होते.) जिनीव्हा करारानुसार अधिकाऱ्यांकडून सक्तीने काम करून घेता येत नसे. ऐकायला बरं वाटतं. पण चार भिंतींत वर्षानुवर्षं हाताला काहीच काम नसणं ही काय शिक्षा आहे, ते निवृत्तीनंतरचे पहिले सहा महिने काढलेल्यांनी सांगावं.

लष्करातल्या टोनी रोल्टच्या लक्षात आलं की चॅपलच्या छपराचा वरचा कणा पहारेकऱ्यांना दिसत नाही. (हाच रोल्ट पुढे 1953 साली ल माँची मोटारशर्यत जिंकला. पायदळाची मान उंच!) वायुदलातल्या बिल गोल्डफिंच आणि जॅक बेस्ट यांनी तिथून उडेल असं दोन माणसांचं ग्लायडर बांधायचं ठरवलं. तुरुंगाच्या ग्रंथालयात विमानरचनेवरचं एक पुस्तक होतं. ते तिथे कोणी राहू दिलं, देव जाणे.

चॅपलवरच्या पोटमाळ्यात खोटी भिंत उभारून त्यांनी मागे कारखाना थाटला. पहाऱ्याला माणसं आणि इशाऱ्याला विजेची घंटा. मला सगळ्यात आवडतो तो हत्यारांचा भाग. करवतीचं पातं ग्रामोफोनच्या स्प्रिंगचं, चौकट खिडकीच्या गजांची, मूठ पलंगाच्या फळीची. बारीक कामाला दुसरी करवत, इंचाला 25 दात. गुण्याचं पातंही स्प्रिंगचंच. मोठ्या रंध्याचं पातं पहारेकऱ्याला लाच देऊन मिळवलेलं, छोट्याचं जेवणाच्या सुरीचं. इंचाला 25 दात कानशीने सारखे पाडून बघा, मग कळेल! आधी हत्यार बनवायचं, मग त्याने काम करायचं. बेंचावर बसणाऱ्या माणसाला याहून वेगळं सुख नसतं.

पंखांचे मुख्य वासे जमिनीच्या फळ्यांचे, फासळ्या पलंगाच्या पट्ट्यांच्या, नियंत्रणाच्या तारा किल्ल्यातल्या विजेच्या. वर निळ्या-पांढऱ्या चौकड्यांचं झोपायच्या पिशव्यांचं कापड, आणि ते ताठ, घट्ट व्हावं म्हणून त्यावर रेशनमधल्या बाजरीसारख्या धान्याची शिजवलेली पेज. पंखांचा विस्तार 9.75 मीटर, वजन 109 किलो. छपरावर 18 मीटर धावपट्टी, आणि ढकलायला काँक्रीटने भरलेला न्हाणीचा टब! तो कप्पीवरून खाली सोडायचा, त्याच्या ओढीने ग्लायडर सुटायचं.

मार्च 1944 मध्ये दुसऱ्या एका छावणीतून पळालेल्यांपैकी 50 जणांना जर्मनांनी ठार मारलं. त्यानंतर पळून जाण्याची किंमत बदलली. तरी रंधा थांबला नाही. अखेरच्या दिवसांत एसएसवाल्यांनी कत्तल आरंभली तर वापरू, एवढ्यापुरता हुकूम होता. 16 एप्रिल 1945 ला अमेरिकन सैन्य किल्ल्यात शिरलं आणि ग्लायडर उडालंच नाही.

मेसमध्ये हा किस्सा निघाला की कोणीतरी म्हणतोच, 'फुकट गेली मेहनत.' मला हे पटत नाही. त्या काळात ती माणसं रोज सकाळी एक अडचण घेऊन उठत होती: ही फासळी वाकवायची कशी? तुरुंगात असा प्रश्न मिळणं ही चैन होती.

मूळ ग्लायडर काही टिकलं नाही, त्याचा एक फोटो उरला आहे. त्याच रचनेची प्रतिकृती 2000 साली इंग्लंडमध्ये ओडिहमच्या वायुदल तळावर सोडली. ती पहिल्याच प्रयत्नात उडाली. गोल्डफिंच आणि बेस्ट, दोघेही ऐंशी ओलांडलेले, धावपट्टीजवळ उभे राहून बघत होते.